बाबांच्या मशीनची बोली

नागपूर, रविवार, ११ मार्च १९८४. दुपारचे चार वाजून वीस मिनिटे. मशीनच्या उजव्या पायाखाली कागदाची घडी सारत होतो, तेव्हा तुला पत्र लिहायचं राहिल्याची आठवण झाली.

आदरणीय प्रेमिलाताईस,

रविंद्रचा सविनय जयभीम. भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. जयाचा दात पडला की अजून हलतोच आहे, ते कळव. इकडे आईची तब्येत ठीक, बाबांची आहे तशी, आणि माझी गेल्या सोमवारपासून थोडी घाबरलेली आहे. तुझं मागचं पोस्टकार्ड मी नीट ठेवलं आहे.

लकवा येऊन पाच महिने झाले, तरी बाबांचा उजवा हात मांडीवर पाहुण्यासारखा बसून असतो. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू ते दाबत नाहीत. पोरांचं काम आहे म्हणतात. बोटं अशीच राहिली तर कायमची आखडतील, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले. (तारीख लिहून ठेवली आहे.) अशात कळलं की बाबा जिथे कामाला होते ते स्टेशनजवळचं हॉटेल बंद झालं आणि तिथल्या खेळखोलीतल्या सामानाचा लिलाव आहे. ते पिनबॉलचं मशीन तुला आठवत असेल. तिरप्या काचेखाली लोखंडी गोळी धावते, दिवे लागतात, आणि गोळी खाली पडू नये म्हणून दोन्ही बाजूंची बटणं दाबून पाती उडवायची. बाबांनी नऊ वर्षं ती काच पुसली. किल्ली त्यांच्याकडेच असायची, पण एक डाव खेळले नाहीत. एक बटण डाव्या हाताला, एक उजव्या हाताला, एवढाच माझा विचार होता. (नववीपर्यंत शिकलेल्याचा विचार एवढाच असतो.)

सोमवारी लिलावाला मी अर्धा तास आधी गेलो (खरं म्हणजे दीड तास) आणि भिंतीवरचे नियम दोनदा वाचले. भंगारवाले आपसात ठरवून येतात, हे मात्र भिंतीवर लिहिलेलं नव्हतं. कोणी काय घ्यायचं ते आधीच ठरतं. बाकीचे गप्प बसतात. आपलं मशीन ताराचंद नावाच्या गृहस्थाच्या वाट्याला आलं होतं. त्याला आतली तांब्याची तार हवी होती. पुकारणाऱ्याने दोनशे म्हटलं, ताराचंदने अडीचशे, मी तीनशे. ताराचंदने मान फिरवली. लिलाव इथेच संपायला हवा होता.

पण तीनशे एक वार, तीनशे दोन वार म्हणताना जी शांतता पडली ना ताई, ती मला सोसेना. एक जण बिडी पेटवत होता, दुसरा शेजारच्या पंख्याचं वजन अंदाजत होता. नऊ वर्षं पुसलेली काच, आणि तिच्यासाठी कोणी तोंड उघडेना. मी साडेतीनशे म्हटलं. पुकारणाऱ्याने चष्मा काढून सांगितलं की आधीची बोलीही माझीच आहे. माहीत आहे, असं मी म्हणालो. परत तीच शांतता. मी चारशे म्हटलं. तेव्हा ताराचंद उठून माझ्याजवळ आला.

"पागल झाला का गा? कोणासंग लढून राहिला?"

बाबांचं मशीन आहे, असं मी सांगितलं. तो पुकारणाऱ्याकडे वळून म्हणाला, "ठोका लवकर, नाहीतर ह्याले पायी घरी जा लागते." मशीन त्याच्याच ठेल्यावरून आलं.

पाय काढून ते दारातून आत घेतलं. तेव्हापासून आईला चुलीकडे आडवं होऊन जावं लागतं. (काच सपाट असती तर तिने एव्हाना पापड वाळत घातले असते.) बाबा म्हणाले, हे मालकाचं आहे, काहून आणलं? मी पावती दिली, तिच्यावर सुरुवातीची बोलीही लिहिलेली होती. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली आणि विचारलं की मशीन दोनशेचं, मग चारशेपर्यंत चढवलं कोणी? मी पाणी प्यायला गेलो.

बुधवारी बळीराम वायरमनने दिवे लावून दिले. नाणं न टाकता खेळता येईल अशी सोय मी करणार होतो, पण बाबांनी हात वर केला (डावा).

"नऊ वर्षं फुकट नाही खेळलो. आता खेळू का?"

आईकडून त्यांनी आठ आणे मागून घेतले. उभं राहायला डाव्या हाताने मशीन धरावंच लागतं, म्हणून नाणं उजव्या हाताकडे आलं. ते पडलं. मी वाकलो तर आईने माझी बाही धरली. बुधवारी अकरा वेळा पडलं, गुरुवारी नऊ, शुक्रवारी परत अकरा. काल त्यांनी मशीनकडे पाहिलंच नाही, आणि मी रात्रभर तांब्याच्या तारेचा भाव आठवत पडलो.

पारशिवनीच्या सर्वांना जयभीम, जयाच्या दातालाही.

तुझाच,
रविंद्र

ता. क. बाबांच्या हाताला विजेचा शेक देण्यासाठी तू पाठवलेले पाचशे रुपये मिळाले, हे वर लिहायचं राहिलं. ते कुठे गेले हे तुझ्या लक्षात आलंच असेल. भाऊजींनी विचारलं तर विजेवर चालणारं साधन घेतलं असं सांग. ते खोटं नाही.

ता. क. तुझं पोस्टकार्ड मशीनच्या उजव्या पायाखाली आहे. डावा पायही डुगडुगतो, म्हणून उत्तर लवकर पाठव. किंवा तूच ये.

हिशेब: बोली चारशे, बळीरामला पस्तीस, ठेल्याचे ताराचंदने घेतले नाहीत. शिल्लक पासष्ट. तुझे देणे पाचशे, महिना पंचवीसप्रमाणे. मशीनच्या पेटीत जमा आठ आणे, एक नाणं, आज सकाळी नऊ चाळीसला, बाबांच्या उजव्या हाताने. बटण दाबायच्या आतच गोळी खाली गेली. बाबा म्हणाले, "आन गा, आणखी आठ आणे."