तिसरे मत

४ ऑगस्ट

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मधल्याची शुद्ध परतण्याची आशा उरली नाही, आणि श्वासाचे यंत्र काढण्यासाठी डॉक्टरीणबाईंना आपल्या दोघांच्याही सह्या हव्या आहेत, हे कळले. गुडघे प्रवास करू देत नाहीत, कान टेलिफोन ऐकू देत नाहीत. म्हणून लिहून सांगतो, माझी संमती नाही. तुझ्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका होत्या. या वेळी दुरुस्त करून परत पाठवत नाही.

आईवडिलांच्या मागे घरचा प्रत्येक निर्णय आपल्या तिघांच्या मतांनी केला. दोन मते जिकडे, तिकडे उरलेल्याने निमूट जायचे. आता तू यंत्र काढा म्हणतेस, मी नको म्हणतो, आणि तिसरा मतदार खाटेवर निपचित.

ज्ञानकोशासाठी नुकतीच ‘त्रयी’ ही नोंद लिहून दिली. निर्माता, पालक, संहारक. किंवा आयुष्याचा धागा कातणारी, मापणारी आणि कापणारी अशा तीन देवता. दोघे समोरासमोर आले की अडून बसतात, तिसऱ्यामुळे वाट निघते, असा अर्थ मी लावला आहे. छापखान्याकडून तपासायला आलेली मुद्रिते सोबत आहेत. मधल्याला वाचून दाखव. माझ्या चुका काढायला त्याला फार आवडते.

प्रकृतीस जप.

तुझा,
दादा

९ ऑगस्ट

ती. दादांस कृतानेक नमस्कार.

नोंद वाचून दाखवली. एवढी जोडाक्षरे ऐकूनही जागे झाले नाहीत, म्हणजे दुखणे भारीच, असे परिचारिका म्हणाली. मी हसले, आणि मग रडू आवरेना.

संहारकाविषयी तुम्ही लिहिता की तो क्रूर नाही, शिणलेल्यांना तो सोडवतो. कागदावर तुम्हांला तो पटतो, दादा. खाटेपाशी पटत नाही. घड्याळांची बारीक चाके चिमट्याने उचलणारी मधल्याची बोटे सुजून मिटली आहेत. छाती हलते ती यंत्राने. हे नुसते लांबवणे आहे, असे डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले.

मतांचे म्हणाल, तर पन्नास वर्षे त्याचे मत तुमच्याच पारड्यात पडले. नंतर तो माझ्याकडे येई आणि दादाला एकटे पाडवत नाही गं, म्हणून माझी समजूत काढी. पण यंत्र लावण्याच्या आदल्या दिवशी त्याने माझा हात धरून सांगितले की तशी वेळ आलीच, तर या खेपेस मी तुझ्या बाजूने. तेव्हा खोलीत आम्ही दोघेच होतो.

संमतिपत्र सोबत आहे. हवे तेवढे रागवा, अबोला मात्र धरू नका.

तुमची,
धाकटी

१४ ऑगस्ट

चि. धाकटीस आशीर्वाद.

दोन विरुद्ध एक. माझे मत हरले. संमतिपत्रावर सही केली आहे. सहीचे अक्षर वेडेवाकडे आले आहे, तेवढे डॉक्टरीणबाईंना सांग. मत माझे बदललेले नाही. यंत्राचा का होईना, त्याचा श्वास चालू आहे, एवढे मला पुरले असते. यंत्र काढतील तेव्हा त्याच्याजवळ तूच असशील. मला तेही जमणार नाही.

मधल्याने ते खरोखर म्हटले होते का, हे मी तुला विचारणार नाही. पुढे कधी न राहवून विचारलेच, तर हो म्हण.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा