आमच्या टेबलावरचे अमली पदार्थ

ती. दादास,

साष्टांग नमस्कार (बसूनच, बातम्यांच्या टेबलाभोवती आडवं व्हायला जागा नाही). आधी चूकदुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझी खोली जशीच्या तशी आहे. ते खरं नाही. तिथे बाबांची व्यायामाची सायकल आली आहे आणि तिच्यावर आईचे टॉवेल वाळतात. व्यायाम अजून कोणी केलेला नाही. तुला व्यसनमुक्ती केंद्रात झोप लागते का? तिथला तो खडखडणारा पंखा दुरुस्त झाला का?

मी बरी आहे, फक्त अमली पदार्थांनी हैराण आहे (म्हणजे छापायच्या). शहरात छापे पडू लागल्यापासून रोज बातम्या येतात आणि प्रत्येक बातमीदाराचं वेगळंच. एक 'ड्रग्ज' लिहितो, दुसऱ्याचं तेवढ्याने समाधान होत नाही, तो 'ड्रग्जेस' करतो. नव्या मुलीने तर 'तीन गांजे जप्त' लिहून दिलं. आमचे मुख्य उपसंपादक अण्णा (रागावले की ओरडत नाहीत, चष्मा काढतात) यांनी चष्मा काढून विचारलं, "दुकानात तीन साखरा मागतेस का?" ती म्हणाली, हे दुकानात मिळत नाही ना. आता नियम असा की गांजा-चरस किलोवर, गोळ्या नगावर, आणि काय सापडलं ते पोलिसांनाही कळलं नसेल तर 'अमली पदार्थ'. एकटा अमली पदार्थ आजवर कुठल्या पेपरात कुणी पाहिलेला नाही. मला हे सगळं पटलं. तू मला शाळेच्या आधी पेपरातल्या मथळ्यांवरून अक्षरं शिकवलीस, तेव्हापासून छापलेलं चुकीचं दिसलं की माझा हात पेनाकडे जातो.

पण माणसांसाठी काहीच नियम नव्हता. सोमवारी पुलाखाली धरलेल्या चौघांची बातमी माझ्याकडे आली. मथळा होता 'गर्दुल्ले गजाआड'. मी तो खोडून 'व्यसनाधीन तरुण ताब्यात' केला, तर एका स्तंभात मावेना. मी शब्द मागेपुढे करत बसले. शेवटी अण्णा म्हणाले, "अगं, पान छपाईला जायचंय. गर्दुल्ले बसतंय ना? मग राहू दे. तुझे कोण लागतात ते?"

मी म्हटलं, "माझा दादा."

(मला 'कोणी नाही' म्हणायचं होतं.) सगळ्या टेबलाने ऐकलं. अण्णांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि स्वतः मथळा केला: 'चौघे ताब्यात'. मावला. मग हळूच विचारलं, आता बरा आहे का. मी म्हटलं, पत्रात तसं लिहितो.

तेव्हापासून सगळे माझ्याशी फार जपून वागतात. काल डोकं दुखतं म्हणून गोळी मागितली, तर गुन्ह्यांच्या बातम्या देणाऱ्याने ती कागदात गुंडाळून, इकडेतिकडे बघून, माझ्या मुठीत सरकवली; अगदी त्याच्या बातम्यांतल्यासारखी.

घरी मात्र तू 'प्रशिक्षणाला' गेला आहेस. शेजारच्या काकूंनी कसलं म्हणून विचारलं, तेव्हा बाबा 'संगणकाचं' म्हणाले आणि आई 'शिवणाचं', दोघं एकदम. केंद्रातून सुटल्यावर मित्राच्या खोलीवर राहीन, घरच्यांना लाज नको, असं तू लिहिलंस. दादा, निर्णय तुझा आहे. मी आग्रह करणार नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. : आग्रह करणार नाही असं वर छापलं गेलं आहे, ते रद्द समजावं. मित्राकडे जाऊ नकोस (तोच मित्र ना?). घरी ये.

ता. क. पुन्हा : सायकल मी ओढत व्हरांड्यात नेली. वाटलं, आई ओरडेल. पण संध्याकाळी बघते तर तुझ्या उशीचा अभ्रा धुऊन त्याच सायकलीवर वाळत घातलेला.

ता. क. शेवटचा : काकूंना काय सांगायचं ते तू ठरव. मी 'दादा घरी आला' एवढंच म्हणणार आहे. एका स्तंभात मावतं. अण्णांनी रजा दिली आहे, कशासाठी ते विचारलं नाही. तुला सोडलं की एकटा बसमध्ये चढू नकोस, फाटकाशी थांब. मी पहिल्या गाडीने येते आहे, येत्या शुक्रवारी.