हमीदचाचांच्या नावाचा विमा

विश्रांतवाडी, पुणे

आदरणीय अब्बा आणि अम्मी यांना सलाम.

फोनवर तुम्ही मला पुढे बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र. मी ठीक आहे. अम्मीच्या गुडघ्याला कोणी तेल लावून देतं का?

मला छोटी नवी गाडी घ्यायची होती. तुम्ही म्हणालात, हमीदचाचांची जुनी गाडी घरचीच आहे, तीच घे. गाडी माझ्या नावावर झाली, विमा मात्र चाचांच्याच नावावर ठेवायला लावलात. त्यांनी कधी क्लेम केला नाही म्हणून त्यांना सवलत आहे, मी नवशिकी, मला महाग पडेल. शिवाय घरातल्या घरात नाव बदललं तर चाचांना काय वाटेल.

मागच्या आठवड्यात आळंदी रोडला एका टेम्पोने माझ्या बाजूचा दरवाजा चेपला. विमा कंपनीच्या साहेबांनी कागद पाहून विचारलं, "हे हमीद कोण?"

मी म्हटलं, चाचा.

"गाडी तुमची, विमा त्यांचा. मग दरवाजाही त्यांच्याकडूनच बसवून घ्या." क्लेम नामंजूर.

चाचांचा फोन आला होता. त्यांची सवलत तर जाणार नाही ना, एवढंच विचारलं. भाईजानने गाडीचं विचारलं. अब्बा, तुम्हीही गाडीचंच विचारलंत.

माझ्या उजव्या हाताला प्लास्टर आहे. हे पत्र मी सांगतेय आणि माझी रूममेट मंजिरी लिहितेय. अक्षर माझं नाही, हे निदान अम्मीच्या तरी एव्हाना लक्षात आलं असेल.

खालची सही तेवढी माझी, डाव्या हाताने केलेली.

नाझनीन