पत्रा बोलतो

४ मार्च
आज कामावर रुजू झालो. पन्नाशीच्या उंबरठ्यावर नवी नोकरी मिळाली, देवाची कृपा. जहाजांवरून उतरलेले रिकामे कंटेनर या आवारात येतात. इथे सगळे त्यांना डबेच म्हणतात. सकाळी बायको हसून म्हणाली, की एवढ्या डब्यांत आपला जेवणाचा तेवढा विसरू नका.

माझं काम तपासनिसाचं. दारांचं रबर, तळाच्या फळ्या, कोपऱ्यांचे सांधे पाहायचे. डब्याचं आयुष्य बारा-पंधरा वर्षांचं, डागडुजी नीट झाली तर थोडं जास्त. कुठला पुन्हा समुद्रावर जाईल आणि कुठला भंगारात, हे मी ठरवायचं.

उजेडाची परीक्षा मला फार आवडली. आपण आत जायचं, बाहेरच्याने दारं लावायची. काळोखात जिथून उजेड दिसेल तिथे भोक, त्याभोवती खडूने गोल करायचा. मग आतून तीन थापा मारायच्या, की बाहेरचा दार उघडतो. आतून ते उघडत नाही, आणि यंत्रांच्या घरघरीत हाका ऐकू जात नाहीत. आत छान शांत वाटलं. थोडा वेळ नामस्मरण केलं.

७ मार्च
कुंपणाजवळच्या जुन्या करड्या डब्यातून थापा ऐकू आल्या. मी धावलो. वेल्डरने हात धरला. हा इथला जुना माणूस, चेष्टेखोर, सगळ्यांना चहा पाजणारा. म्हणाला, "साहेब, उन्हाने लोखंड फुगतं. पत्रा बोलतो. त्याला ओ द्यायला लागलात तर काम कधी करणार?" सगळे हसले. मीही हसलो. क्रेनवाल्याने सांगितलं, की तिकडे आता कोणी मान वळवूनही बघत नाही.

११ मार्च
आज आभाळ भरलेलं, ऊन नाही. तरी पत्रा बोलला.

क्रेनवाल्याला दाराशी उभं करून आत गेलो. डबा रिकामा. मागच्या चार फळ्या तेवढ्या नव्या. भिंतीत एक भोक, माझ्या तोंडाच्या उंचीवर. आजूबाजूला ठिगळंच ठिगळं, सगळी त्याच उंचीवर. गंजाने पडलेल्या भोकाच्या कडा भुसभुशीत असतात. याच्या कडा घट्ट होत्या आणि बाहेरच्या बाजूला वळलेल्या. आतून पाडल्यासारख्या.

मी सांगण्याआधीच वेल्डरने तिथे ठिगळ मारलं. त्याला कोणी सांगितलं?

१३ मार्च
ठिगळाशेजारी नवं भोक.

हा डबा भंगारात काढू, असं मी म्हणालो. वेल्डरचा चेहरा उतरला. अजून दोन वर्षं सहज निघतील म्हणाला. मी विचार करतोय. भंगारात डबा गेला, की आधी तळाच्या फळ्या उचकटतात.

१५ मार्च
फाटकाशी एक बाई आली. वेल्डरची थोरली बहीण. तिचा नवरा माझ्या आधी माझ्याच जागेवर होता. तो परदेशी कामाला गेला, असं भावाने तिला सांगितलंय. तिने मला एवढंच विचारलं, की चष्म्याशिवाय ते कसे जातील?

आवारातल्या माझ्या कामाच्या खोलीच्या खिडकीत एक चष्मा आहे. मी आल्यापासून. कोणाचा, म्हणून कधी विचारलं नाही.

पोलिसांत जायचं तर हातात काहीतरी हवं. उद्या त्या करड्या डब्यातली एक नवी फळी उचकटतो. तिलाही यायला सांगितलंय. वेल्डर लांबून बघत होता. आज चहा आला नाही.

१६ मार्च
डब्यातून लिहितोय. दारं उघडी ठेवूनच आत आलो होतो. क्रेनवाला बाहेर उभा होता. कोणीतरी त्याला बोलावून नेलं आणि दारं लागली. दांडा पडल्याचा आवाज. फोन लागत नाही. भोकातून उजेडाची काडी येते, तिच्यात वही धरली आहे —

थापा मारतोय. क्रेनवाला जवळून गेला. साहेब केव्हाच घरी गेले, असं वेल्डर त्याला सांगत होता. थांबला नाही. कसा थांबेल? मीही हसलो होतो.

ती आली. अगदी भिंतीशी. आत कोण आहे, असं विचारतेय. वेल्डर मायेने म्हणाला, "कोणी नाही गं ताई. पत्रा बोलतो."

भोकाला तोंड लावलं, तोच — ठिगळ. ओठ भाजला.

काळोख. अंदाजाने लिहितो —

थापा मी थांबवल्या. त्या थांबल्या नाहीत. नव्या फळ्यांखालून. तीन. पुन्हा तीन. माझ्याच पायांखाली —

देवा, ओ देऊ की