कापडातच विणलेली कात्री

३ फेब्रु.
परड्यातल्या तीन पपयांपैकी दोन बिघडल्यात. पानं चट्ट्यापट्ट्याची, शेंड्याची तर सुतळीवानी बारीक. फळांवर गोल गोल कडी, कुणी बांगडी दाबल्यागत. तिसरं झाड ठणठणीत. शेजारची नरसम्मा भिंतीवरनं, "आक्का, दिष्ट लागली काय वो?" म्हणलं, तुझीच असंल, रोज तूच बघती. हसली. तिनं पपईची सहा रोपं आणल्यात, पिशवीत. लावायची घाई.

५ फेब्रु.
नात सुजाता आली, जुळे सोलापूरहून. एमएस्सीला झाडांचे रोगच शिकती. (हितनं पुढं सु. नाव लई लांब.) बघितलं की म्हणली, "आज्जी, व्हायरस हाय. मावा एका झाडावरनं दुसऱ्यावर नेतोय. दोन्ही उपट, न्हायतर तिसरंबी जाईल आणि नरसम्माची रोपंबी."
औषध? न्हाय.
म्हणलं, फळं धरल्यात, उपट म्हणायला तुझ्या बाचं काय जातंय. बा म्हणजे माझंच पोरगं. असू दे. आधी समजावून सांग, मग बघू.

६ फेब्रु.
सांगितलं. व्हायरसजवळ स्वतःचं काय न्हाय. नुसती एक चिठ्ठी. ती झाडाच्या पेशीत शिरती. तिथं प्रोटीन करायची यंत्रं झाडाची. चिठ्ठी दिसली की वाचायची आणि करायला लागायचं, कुणाची म्हणून इचारत न्हाईत. चिठ्ठीच्या नकला काढायची हत्यारं पण झाडाकडनंच करून घेतंय. आधी हत्यार, मग नक्कल.
म्हणलं, पाव्हणा आला आणि आपल्याच चुलीवर स्वतःचं जेवण करून घेतलं, वर आणि पाच जणं बोलवली.
सु. म्हणली, "आणि हत्यारं एक एक करून घेत न्हाय. सगळी एकाच लांब पट्टीत, जोडून. मागनं कापायची."
हे मला कुणी शिकवू नये. बत्तीस वर्षं कारखान्यात टावेल कापले. मागावरनं एकच लांब पट्टा येतो. दोन टावेलांच्या मधी आडवा धागा न भरता बोटभर जागा सोडलेली, तितंच कापायचं. भलतीकडं कात्री लागली की दोन्ही टावेल वाया.
"मग कापणारी बाई कोण?"
"बाई न्हाय. कात्री पट्टीतच हाय. पट्टीचेच तीन तुकडे कात्रीचं काम करत्यात."
कात्री. कापडातच विणलेली. जेवताना सु. काय बोलत होती ऐकलंच न्हाय.

७ फेब्रु.
सकाळी चहाला धरलं तिला. कात्री पट्टीत अडकलेली, तर पयलं कापलं कशानं?
कप खाली ठेवला तिनं. "अडकलेली असतानाच कापती. आपलंच टोक आपण." दोन कात्र्या म्हणं फक्त आपलं टोक तोडून मोकळ्या होत्यात, बाकी सगळं तिसरी कापती.
आमच्या खात्यात पण तशा दोघी होत्या. तिसरी मी.
"तिसरी बोथट केली तर?"
"तेच शोधतायत की लोकं."
"आपल्या झाडाला मिळंल?"
"ह्या झाडाला न्हाय, आज्जी."
कुटं कापायचं हे कात्रीला कसं कळतं तेबी इचारलं. ठरावीक खूण येती म्हणं पट्टीवर. बोटभर जागा. म्हणजे तसंच की.

९ फेब्रु.
दोन्ही उपटली. मुळं पांढरी, धडधाकट. त्याचाच जास्त राग आला. फळं खाल्ली तर माणसाला काय होत न्हाय म्हणं, कच्चीची भाजी केली. बरी झाली.
नरसम्माला म्हणलं, रोपं आठ दिस लावू नको, तिसऱ्याचं कळू दे. "का वो?" टावेलावरनं सगळं सांगितलं. तिच्या घरात माग चालायचा, झटक्यात कळालं. वर म्हणती, "कात्री आली व्हय. तिला धार कोन लावतंय?"
हे मला सुचलं न्हाय. बाईला सुचलं. सु.ला फोन. म्हणली, "थांब, सरांना इचारते."

१३ फेब्रु.
तिसऱ्याच्या एका देठावर गडद हिरवी रेघ. तेल लागल्यागत. सु. म्हणलेली, पयली खूण कधी कधी देठावर दिसती. फोटो पाठव म्हणती. चार काढले, चारीत माझा अंगठा.
शेंड्याचं नवं पान अजून मिटलेलं. ते उघडलं की कळंल, चट्टे हाईत का न्हाईत.

१५ फेब्रु.
पान अर्धं उघडलं. एका बाजूनं साफ दिसतंय.
नरसम्मानं आज एक रोप लावलंच, भिंतीला लागून. आठ दिस झाले न्हाईत म्हणलं. म्हणती, "पिशवीत वाळाय लागलं वो आक्का. आणि तुमचं झाड खराब असतं तर तुमी ठेवलं असतं काय?"
चष्मा पुसून परत देठ बघितला. रेघ हाय.
तिच्या रोपाला पाणी घालून आली ती, माझ्याबी झाडाला तांब्याभर ओतलं.