उजव्या कानाचे कलम

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी रेडिओ केंद्राच्या दुरुस्ती विभागात नोकरीला आणि निवृत्तीनंतर घराच्या मागच्या खोलीत तेच काम करणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मला दडपणारा माणूस या घरात अजून जन्माला यायचा आहे. येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, "काळजीचं काही कारण नाही." हे ते सगळ्यांनाच म्हणतात, म्हणून मी आवराआवर करून ठेवते आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा जुने रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

कलम १. राहते घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझा हिस्सा माझ्या यजमानांना आणि त्यांच्या पश्चात आमच्या मुलाला मिळावा. मागच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, ती मुलाने बदलून घ्यावी. "या सुट्टीत बघतो आई," हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. धूळ आत येते आणि माझ्या कामात धुळीसारखा वैरी नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक यजमानांची. दागिने सुनेचे. दोन्ही इतके थोडे आहे की त्यावरून भांडणाऱ्याचेच हसे होईल.

कलम ३. सोल्डर गन, मीटर, चिमटे आणि हेडफोनचा पडदा ताणायची कडी हे सगळे तंत्रशाळेतल्या शिक्षिकाबाईंना द्यावे. त्या एकदा बंद पडलेला हेडफोन घेऊन आल्या होत्या आणि काम होईपर्यंत मध्येमध्ये न बोलता शेजारी बसल्या. असा माणूस हत्यार जपतो. बारीक चिमटा भुवया कोरण्यासाठी वापरू नये. आजवर तो कोणी वापरला ते मला ठाऊक आहे, पण या कागदावर नको.

कलम ४. आता मुख्य वस्तू. माझ्याकडे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन आणि त्याचा ॲम्प्लिफायर असा जोड आहे. केंद्राने तो मोडीत काढला तेव्हा मी रीतसर पावती करून घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: साध्या हेडफोनमध्ये छोटे स्पीकर असतात, यात नसतात. यात प्रत्येक कानाला दोन जाळीदार पत्रे आणि त्यांच्यामध्ये ताणलेला एक पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. त्या पडद्यावर शेकडो व्होल्टचा दाब सतत ठेवावा लागतो, म्हणून हा हेडफोन मोबाइलला किंवा टीव्हीला लावता येत नाही. त्याला त्याचाच ॲम्प्लिफायर लागतो. पण एकदा जोडी जमली की गाणाऱ्याने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो.

माझे यजमान त्याच केंद्रावर ध्वनिमुद्रक होते. ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते असे: "बाई, डावीकडे किरकिर येतेय." लग्नाआधी आमचे सगळे बोलणे तक्रारींच्या निमित्ताने झाले, लग्नानंतरही फार फरक पडला नाही. त्यांनी हयातभर कानांवर भाकरी मिळवली. स्टुडिओत कोणाची खुर्ची करकरली ते काचेच्या पलीकडून सांगायचे. अजूनही संध्याकाळी चहा झाला की हेडफोन घालून डोळे मिटून बसतात. तेवढ्या वेळात घरात बॉम्ब पडला तरी चालेल.

कलम ५. माझ्या थोरल्या दिरांच्या मुलाला, म्हणजे पुतण्याला, माझ्या वस्तूंपैकी काहीही मिळू नये, आशीर्वाद मिळावेत. तो महागडी यंत्रे जमवतो आणि प्रत्येकाविषयी व्याख्यान देतो. दोन वर्षांपूर्वी आमचा हेडफोन कानाला लावून चारचौघांत म्हणाला, "काकू, उजवा फार वाजतोय. हात गेला आता तुमचा." सगळ्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. मी मूग गिळून बसले. का बसले ते पुढच्या कलमात आहे. हल्ली तो तसे बोलत नाही, पण "काकांना नवा ॲम्प्लिफायर भेट देतो" म्हणून मागे लागला आहे. माझ्या पश्चात ही भेट घेऊ नये. जोडी फोडू नये.

~~कलम ६. हे कलम सुनेने एकटीने वाचावे आणि यजमानांच्या कानावर घालू नये.~~

~~यजमानांचा उजवा कान गेला आहे. पूर्ण नाही, पण जात चालला आहे. मोठा ताप आला होता त्यानंतरची गोष्ट. ते मला म्हणाले, "उजवा पडदा सैल पडलाय, बघ जरा." मी उघडून पाहिले, पडदा उत्तम होता. मग त्यांना न सांगता हेडफोन उलटा करून त्यांच्या डोक्यावर घातला, डावा उजव्या कानाला. तरी म्हणाले, "उजवाच बारीक वाजतोय." म्हणजे दोष हेडफोनचा नव्हता, कानाचा होता. ज्या माणसाचे कान हीच त्याची पत, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचे? मी ॲम्प्लिफायरमध्ये डाव्या बाजूचा आवाज कमी करणारा एक स्क्रू बसवला. ते आवाजाचे मुख्य बटण थोडे वाढवतात, दोन्ही कान सारखे होतात. त्या दिवशी म्हणाले होते, "तुझ्या हाताला तोड नाही!" तेव्हापासून मी अधूनमधून तो स्क्रू अंदाजाने आणखी थोडा फिरवते. त्यांची पुन्हा तक्रार आली नाही, म्हणजे माझा अंदाज बरोबर बसतो.~~

~~हे काम माझ्यामागे सुनेने करावे. आमच्या सूनबाईंनी या घरात आल्या आल्या माझ्या गिऱ्हाइकाच्या हेडफोनवर धूळ काढायला व्हॅक्युम क्लीनर धरला होता आणि एका झटक्यात पडदा फाडला होता. कानामागून आली आणि तिखट झाली, असे मी तेव्हा आल्यागेल्याला सांगत असे. पण पुतण्या माझी शोभा करत होता त्या दिवशी तिनेही हेडफोन लावला, माझ्याकडे पाहिले आणि "छान आहे" एवढेच म्हणाली. मग स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारले, "आई, बाबांचा उजवा कान ना?" एवढ्या माणसांत ते तिलाच कळले. ॲम्प्लिफायरच्या मागे भोक आहे, झाकण न उघडता त्यातून प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने स्क्रू फिरतो. आत हात घालू नये, जीव जाईल.~~

वरील कलम ६ मी स्वतः खोडले आहे. वकीलबाई म्हणाल्या, नवा कागद घ्या. मी म्हटले, खोडलेले दिसू दे. फक्त का खोडले ते खाली लिहिते.

कलम लिहून झाल्यावर मी ते सुनेला दाखवले. तिने ते दोनदा वाचले आणि कागद माझ्या हातात परत दिला.

"आई, स्क्रू मी फिरवीन. पण बाबांनी मला सरळ विचारलं, तर त्यांच्या तोंडावर खोटं नाही बोलता यायचं मला. तुमच्याइतका धीर नाही माझ्यात."

"मग मी काय करू?"

"सांगा त्यांना. तुम्ही असताना सांगा. नंतर दुसऱ्या कोणाकडून कळलं, तर भांडायलासुद्धा कोणी नसेल त्यांना."

मला तिचा राग आला, कारण ती खरे बोलत होती. माझ्यामागे यजमानांना हे परक्या तोंडून कळले असते तर ते त्या हेडफोनपासूनही तुटले असते, आणि मी का लपवले ते त्यांना कधी कळलेही नसते.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर हे हेडफोनला हात घालणार तेवढ्यात मी सगळे सांगून टाकले. ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला. मग भडकले. "म्हणजे इतकी वर्षं मला वेड्यात काढलंस? सुनेलाही ठाऊक, आणि मी आपला डोळे मिटून डोलतोय!" चपला घालून बाहेर पडले. जेवायला आले, पण माझ्याशी बोलले नाहीत. मी पानावर बसून नुसता भात चिवडत राहिले.

सकाळी ते मागच्या खोलीत आले आणि स्टूल ओढून बसले.

"एक विचारू? राग मानायचा नाही."

"विचारा."

"दोन वर्षं झाली, मला डावा जरा जास्तच वाजतोय. पुतण्या एकीकडे म्हणतो उजवा जास्त, मला वाटे डावा जास्त. मला वाटलं, तुझे हात थरथरतात हल्ली, दोन्ही पडद्यांना ताण सारखा बसत नसेल. म्हणून गप्प बसलो. त्यालाही जिन्यात गाठून दम दिला, काकूच्या कामाला पुन्हा नाव ठेवलंस तर याद राख."

म्हणजे त्यांचा कान वेगाने जात होता आणि माझा अंदाज मागे पडत गेला होता. आणि ह्यांनी तक्रार केली नाही ती माझा हात गेला असे समजून.

"अहो, पण कान गेला असेल असं एकदाही मनात नाही आलं?"

"आलं होतं," ते म्हणाले. "त्यापेक्षा तुझा हात गेलेला बरा वाटला मला. माफ कर."

मला रडू आले आणि हसूही आले. मी स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. एकाच बाईचा आवाज आहे अशी जुनी ध्वनिमुद्रिका लावली आणि सांगितले, "तुम्ही स्वतः फिरवा. दोन्ही कानांना सारखा झाला की आवाज कपाळाच्या मधोमध येतो, तिथे थांबायचं." त्यांनी फिरवायला सुरुवात केली. मी जिथे थांबले असते त्याच्या पुढे ते गेले, आणखी पुढे गेले. मला ते बघवत नव्हते, पण मी हात मध्ये घातला नाही. शेवटी थांबले. हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"इतका गेलाय होय," म्हणाले.

मी त्यांच्या उजव्या हाताला बसले होते. उठले आणि डाव्या बाजूला जाऊन बसले.

कलम ६ (दुरुस्त). सबब हेडफोन, ॲम्प्लिफायर आणि त्याचा स्क्रू फिरवण्याचा हक्क सर्वस्वी यजमानांचा राहील. सुनेवर कसलीही जबाबदारी नाही. यजमानांच्या पश्चात जोड सुनेचा. तिने तो आपल्या कानांप्रमाणे लावून घ्यावा. पुतण्याने कानाला लावून काही म्हटलेच, तर घरातल्या कोणीही खुलासा देत बसू नये.

हे लिहीत असताना यजमान दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येतो म्हणतो. पण तू चल बरोबर. ते उजवीकडून काही बोलले तर मला कळायचं नाही."

मी म्हटले, "चलते की. मृत्युपत्र केलंय, अजून मेले नाहीये."

वरील मजकूर मी लिहिला, खोडला आणि पुन्हा लिहिला. तिन्ही वेळा मी शुद्धीवर होते. खाडाखोडीवर माझी सही आहे. ज्यांना यातून काही मिळते त्यांच्यापैकी कोणीही साक्षीदार नाही.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: समोरच्या घरातले दंतवैद्य (सही)

साक्षीदार २: वाचनालयाच्या ग्रंथपालबाई (सही)

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: शनिवार, ९ नोव्हेंबर