चौदा नंबरचा माणूस

आई, तुला आणि मला एकाच गोष्टीची चीड होती. डोणगावकडच्या आपल्या त्या लहानशा दवाखान्यापुढे बैलगाडी थांबली की आजारी माणसाच्या आधी त्याचा वशिला खाली उतरायचा. तू नर्स, म्हणून तुला ते रोज गिळावं लागे. मी अमरावतीला कॉलेजात, पुस्तकं वाचून पेटलेला. महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि ते मीच चालवतो आहे, अशा थाटात मी सुट्टीत घरी आलो होतो. आल्या आल्या पुठ्ठे कापून त्यावर नंबर लिहिले आणि दवाखान्याच्या ओट्यावर उभा राहून भाषण ठोकलं: आजपासून इथे पाटील नाही, मजूर नाही, फक्त नंबर! टाळ्या पडल्या. तू दारातून बघितलंस आणि हसून आत गेलीस.

दुसऱ्याच दिवशी सकाळी डॉक्टर मेहकरला गेलेले असतात. ऑक्सिजनची टाकी एकच. एक नंबरला देऊळघाटची भाजीवाली म्हातारी, दम्यानं बेजार, खोकून खोकून सगळा ओटा हलवते आहे. चौदा नंबरला गावचे मोठे जमीनदार, भिंतीला टेकून बसलेले, चक्क गप्प. तू बाहेर येतेस, रांगेवरून एक नजर फिरवतेस आणि टाकी चौदा नंबरला लावतेस. म्हातारीला सुई टोचून, पुढे उशी देऊन, वाकवून बसवतेस. मी सगळ्यांसमोर ओरडतो, "आई, तू पण विकली गेलीस!"

तू मागे वळूनही पाहत नाहीस. "नंबर तुह्या पुठ्ठ्याले असन. इथं मी ओठ पाह्यते. याचे निळे पडले."

मी पुढचं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात म्हातारीच माझ्यावर उखडली. "काऊन बे, मायले बोलून राह्यला? मले खोकता येते, तुले शिव्या देता येते, म्हंजे दम हाय ना अजून! त्याच्या तोंडातून तं शबुद बी निघून नाही राह्यला."

ओटा हसला. आयुष्यात माझं एवढं पूर्ण खंडन पुन्हा कोणी केलं नाही. दुपारपर्यंत जमीनदारांच्या ओठांवर रंग आला, मग टाकी म्हातारीकडे गेली. दोघंही घरी गेले. पुढच्या महिन्यात तेच जमीनदार मांडीवरचा फोड घेऊन आले आणि सरळ आत घुसू लागले, तेव्हा तू त्यांना सगळ्यांच्या शेवटी बसवलंस. "पाटीलसाहेब, आज तुम्ही लई बोलून राह्यले. बसा." ते बसले, आणि अर्धा दिवस आपण मरता मरता कसे वाचलो हे रांगेला रंगवून सांगत राहिले.

आता इतक्या वर्षांनी जिल्ह्याच्या दवाखान्यात अतिदक्षता विभाग झाला आहे. खाटा चार. आत कोणाला घ्यायचं हे ठरवायला समिती नेमली आणि माझा आवाज मोठा म्हणून मलाही घेतलं. कोणी म्हणालं, येईल त्या क्रमानं घ्या. कोणी म्हणालं, आमदारांना विचारा. काल सभेत मी उठलो आणि तुझी ही गोष्ट सांगितली. टेबलावर हात आपटून म्हणालो, एकच ठराव करा: रोग्याला आधी तपासणारे डॉक्टर आणि नर्स ठरवतील तोच आत जाईल, आणि कोणाचाही फोन आला, अगदी माझा आला, तरी तो उचलू नका. ठराव एकमतानं मंजूर झाला. तू असतीस तर म्हणाली असतीस, भाषण जरा लांबलं.

सगळे म्हणतात, बाईंची ही हकिगत लिहून द्या, दवाखान्यात लावू. म्हणून लिहायला बसलो होतो, पण हा कागद काही मी त्यांना देणार नाही. काल सभेत मी सांगितलं होतं, की "विकली गेलीस" असं गर्दीतला कोणी एक तरुण ओरडला.